एकाच चाकाची हवा वारंवार उतरणे आणि टायर अकाली झिजणे: नवा टायर घेण्याआधी काय तपासावे

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मोटारमालकांच्या टायरविषयीच्या तक्रारी लक्षपूर्वक ऐकल्या, तर त्या चार-पाच प्रकारांतच मोडतात. एकाच चाकाची हवा दर आठ-दहा दिवसांनी उतरते आणि पंक्चर मात्र सापडत नाही. नवे टायर निम्म्या आयुष्यातच आतल्या कडेने गुळगुळीत होतात. खड्ड्यात आदळल्यावर टायरच्या अंगाला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, फुगा येतो. ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. सरळ रस्त्यावर हात सैल केला की गाडी एका बाजूला ओढते. या साऱ्यांवर दुकानात मिळणारा उपाय बहुधा एकच असतो, तो म्हणजे नवा टायर. नव्या टायरवर काही महिने बरे जातात, मग तीच तक्रार त्याच कोपऱ्यात पुन्हा उभी राहते आणि मालक कधी टायरच्या कंपनीला, तर कधी गाडीच्या मॉडेलला नावे ठेवतो. दोष टायरचा, रिमचा की गाडीच्या त्या कोपऱ्यातल्या सस्पेन्शनचा (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आणि धक्के झेलणाऱ्या भागांचा), हे ठरण्यापूर्वीच पैसे खर्च होतात आणि म्हणून तक्रार मिटत नाही.

ते ठरवण्याची रीत सोपी आहे आणि तिला यंत्र लागत नाही. ज्या चाकाची तक्रार आहे त्यावर खडूने किंवा रंगाने खूण करावी आणि त्याच बाजूचे पुढचे व मागचे चाक एकमेकांच्या जागी बसवावे. बाजू न बदलल्यामुळे ज्या टायरची फिरण्याची दिशा ठरलेली असते, त्यांनाही ही अदलाबदल चालते. त्यानंतर नेहमीप्रमाणे गाडी वापरावी. तक्रार खुणेच्या चाकाबरोबर नव्या जागी गेली, तर दोष टायर, रिम किंवा वॉल्व्ह या तिघांपैकी कशात तरी आहे. ती जुन्या कोपऱ्यातच राहिली, तर टायर निर्दोष आहे आणि गॅरेजमध्ये सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश, चाक वळू देणारा बॉल जॉइंट, धक्के शोषणारा शॉकअब्सॉर्बर किंवा ब्रेक तपासायला हवेत. पुढची सगळी चर्चा या एका प्रश्नाभोवती आहे.

दाब किती, आणि तो कधी मोजायचा

कोणत्याही तपासणीपूर्वी हवेचा दाब बरोबर आहे याची खात्री हवी, कारण चुकीच्या दाबावर काढलेले सगळे निष्कर्ष चुकतात. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यात दिलेला असतो. दोन माणसांसाठी एक आकडा आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरा, असे त्यात बहुधा असते. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तो आपल्या गाडीसाठी नसतो. पंक्चरच्या दुकानात 'सगळ्या गाड्यांना पस्तीस' हा जो सर्रास हिशेब चालतो, त्याला कोणताही आधार नाही. शिवाय दिवसभर जमिनीवर आपटणाऱ्या तिथल्या गेजवर भरवसा ठेवण्यापेक्षा स्वतःचे साधे गेज विकत घेऊन गाडीत ठेवावे; या विषयात याहून चांगला खर्च माझ्या पाहण्यात नाही.

तक्त्यातला दाब थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी काही तास उभी राहिल्यानंतर किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर हळू चालवल्यानंतर मोजलेला. हवेचे तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसने बदलले की दाब साधारण १ पीएसआयने (हवेचा दाब मोजण्याचे एकक) बदलतो. त्यामुळे वाशीहून भर दुपारी तीन हात नाक्यापर्यंत आलेल्या गाडीच्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसणे साहजिक आहे, आणि तो 'जास्तीचा' दाब तिथेच कमी करून घेणे ही दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर गाडी चालवण्याची तजवीज ठरते.

निरोगी टायरचीसुद्धा हवा महिन्याला एक-दोन पीएसआय कमी होते. म्हणून एका चाकाचा आकडा एकटा पाहण्यात अर्थ नाही. चारही चाकांचे आकडे एकाच सकाळी मोजून तारखेसह लिहून ठेवावेत. चारही सारखेच उतरले असतील, तर काहीही बिघडलेले नाही. एका चाकाची हवा बाकीच्या तिघांपेक्षा जास्त उतरली असेल, तरच पुढे वाचण्याची गरज आहे.

नव्या गाड्यांत दाब कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा असतो, पण त्यावर विसंबणाऱ्यांनी त्याची मर्यादा समजून घ्यावी. काही गाड्यांत प्रत्येक चाकात स्वतंत्र संवेदक असतो आणि तो प्रत्यक्ष दाब मोजतो. काहींमध्ये मात्र ब्रेकच्या एबीएस यंत्रणेकडून चाकांच्या फिरण्याचा वेग घेऊन, एक चाक इतरांपेक्षा जलद फिरते आहे का, एवढेच पाहिले जाते. दुसऱ्या प्रकारात चारही चाकांची हवा सारखी उतरली तर यंत्रणेला सहसा पत्ता लागत नाही, आणि हवा भरल्यानंतर ती रीसेट केली नाही तर ती चुकीच्याच दाबाला योग्य धरून चालते. अमेरिकेच्या नियमानुसार हा दिवा दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी झाला की लागायला हवा. म्हणजे ३३ पीएसआयच्या गाडीत २५ च्या आसपास. तोवर टायर बराच तापून झालेला असतो.

हवा उतरते, पण पंक्चर सापडत नाही

सर्वांत जास्त वेळ आणि पैसा इथेच जातो, म्हणून याकडे सविस्तर पाहू. ट्यूबलेस टायरमध्ये हवा बाहेर पडण्याच्या वाटा तीन: टायरच्या रबरातून, वॉल्व्हमधून, किंवा टायरची कड रिमवर जिथे घट्ट बसते त्या सांध्यातून. पंक्चरवाला सवयीने पहिलीच वाट तपासतो. टायर पाण्याच्या टाकीत भराभरा फिरवून नक्षीतून (रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या पट्ट्यातून) बुडबुडे येत नाहीत म्हटल्यावर तो 'पंक्चर नाही' असे सांगतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असते.

घरी करायची चाचणी अशी. भांडी घासण्याचा साबण पाण्यात कालवून तो फवाऱ्याच्या बाटलीत भरावा. चाकात तक्त्याप्रमाणे हवा भरून आधी वॉल्व्हच्या तोंडावर टोपण काढून फवारावे, मग वॉल्व्हची रबरी दांडी बोटाने हळूच एका बाजूला वाकवून तिच्या बुडाशी फवारावे. उन्हाने रबराला बारीक भेगा पडलेल्या असतील, तर दांडी सरळ असताना हवा अडते आणि वाकली की सुटते; धावत्या चाकात ती वाकतेच, म्हणून उभ्या गाडीत काही दिसत नाही आणि चालवल्यावर हवा कमी होते. टायर बदलताना जुना वॉल्व्ह तसाच ठेवण्याची काटकसर अनेक दुकानांत होते. टायरपेक्षा क्षुल्लक किमतीचा हा भाग प्रत्येक नव्या टायरबरोबर बदलून घ्यावा. तोंडातून बुडबुडे येत असतील, तर आतला वॉल्व्ह कोअर, म्हणजे हवा अडवणारी बारीक झडप, घट्ट करून किंवा बदलून काम भागते. वॉल्व्हचे टोपण हरवले असल्यास तेही लावावे, कारण आत जाणारी धूळ आणि चिखल याच कोअरला खराब करतात.

वॉल्व्ह ठीक असेल, तर रिमची कड बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही बाजूंनी भिजवून पाच-सात मिनिटे थांबावे. या सांध्यातून हवा इतकी सावकाश सुटते की मोठे बुडबुडे येत नाहीत, फक्त पांढऱ्या फेसाची बारीक रेघ हळूहळू जमत जाते. आतली बाजू पाहण्यासाठी चाक काढावेच लागते. खाडीच्या दोन्ही अंगांना वसलेल्या या दोन शहरांत हवा वर्षभर दमट असते, पावसाळ्यात चाके महिनोन्‌महिने ओली राहतात, आणि त्यामुळे जुन्या गाड्यांत हा दोष फार आढळतो. लोखंडी रिमला गंज चढतो. अलॉय रिमच्या रंगाखाली ॲल्युमिनियमची पांढरी पूड धरते आणि रंगाचा पापुद्रा उचलला जातो. त्या खडबडीत कडेवर नवा टायर बसवला, तरी त्याची हवा उतरतच राहणार, हे उघड आहे. उपाय म्हणजे टायर उतरवून, रिमची कड तारेच्या ब्रशने आणि बारीक सॅंडपेपरने चकचकीत करून, तिथे सीलर लावून तोच टायर परत बसवणे आणि नंतर बॅलन्सिंग करणे, म्हणजे रिमला वजने लावून चाकाचा तोल साधणे. दुकानदाराला हे काम नेमके सांगावे लागते. नुसते 'हवा उतरते, बघा' म्हटले, तर टाकीची फेरीच पुन्हा होईल.

तिसरी शक्यता जुन्या पंक्चरची. रस्त्याच्या कडेला चाक न काढता जी चिकट दोरीसारखी स्ट्रिप आत खुपसतात, ती वेळ निभावण्यासाठी उत्तम आहे. पण भोक तिरके असेल, तर ती काही महिन्यांनी झिरपू लागते. स्ट्रिप घालण्याआधी भोक रुंद करण्यासाठी जो खरखरीत सुआ दामटून फिरवतात, त्याने टायरमधल्या पोलादी तारा तुटू शकतात, तिथून पावसाचे पाणी आत शिरते, तारा गंजतात आणि कालांतराने नक्षीखालचा थर सुटू लागतो. म्हणून स्ट्रिप घातल्यानंतर सवड मिळताच टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच (भोक भरणारी दांडी असलेले छत्रीसारखे ठिगळ) बसवून घ्यावा. टायर उतरला की आत काळी रबराची भुकटी दिसते का, तेही पाहावे. ती दिसल्यास टायर कमी हवेवर चालवला गेला असून त्याच्या अंगाची आतून झीज झालेली आहे आणि त्याला पॅच लावण्यात अर्थ नाही. पंक्चर नक्षीच्या पट्ट्यात असेल आणि भोक सुमारे ६ मिलिमीटरपर्यंत असेल तरच दुरुस्ती करावी. खांद्यावर (नक्षी संपून अंग सुरू होते त्या कडेवर) किंवा अंगावर गेलेल्या खिळ्याला दुरुस्ती नाही, मग दुकानदार कितीही आत्मविश्वासाने 'होऊन जाईल' म्हणो.

पंक्चरांच्या संख्येबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामातून पडलेली बांधणीची तार, कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांतून सांडलेले तुकडे, महापे-रबाळे पट्ट्यातल्या कारखान्यांबाहेरचे स्क्रू आणि धातूचा कीस यांमुळे इथे खरी पंक्चरे भरपूर होतात. तरीही एका चाकात एकदम चार-पाच पंक्चरे निघाली असे कोणी सांगू लागला, तर प्रत्येक ठिकाणचा बुडबुडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिथे सुआ लावू देऊ नये. खोटी पंक्चरे दाखवून बिल वाढवण्याची तक्रार देशभर जुनी आहे.

पंक्चर आपोआप बुजवणारे द्रव टायरमध्ये कायमचे भरून ठेवण्याची शिफारस मी करणार नाही. त्याने गळती बुजते खरी, पण कुठे होती ते समजत नाही, बॅलन्सिंग बिघडू शकते, आणि नंतर पॅच लावणाऱ्याला आतले रबर स्वच्छ करणे जड जाते. नायट्रोजनविषयी थोडक्यात सांगायचे, तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळाला तर घ्यावा, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

फुगा आणि वाकलेली रिम

टायरच्या अंगाला आलेला फुगा म्हणजे आतल्या धाग्यांच्या थराला पडलेली फूट होय. खड्ड्याची धारदार कड आणि रिम यांच्या कात्रीत टायरचे अंग चिरडले जाते, धागे तुटतात आणि फक्त बाहेरचे रबर हवा धरून राहते. असा टायर दुरुस्त होत नाही आणि 'आणखी थोडे दिवस' वापरण्याजोगाही राहत नाही. जवळच्या दुकानापर्यंत हळू जाणे किंवा जागीच स्टेपनी लावणे, एवढेच करावे.

जिथे डांबर संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात किंवा काँक्रीटच्या कडेला डांबरी पट्टा खचलेला असतो, तिथल्या पायरीवर हे जास्त घडते. डावीकडची चाके रस्त्याच्या कडेला असल्याने त्यांना मार अधिक बसतो, आणि सोसायट्यांच्या वळणदार रॅम्पवर कठड्याला घासतात तीही बहुधा तीच. उंची कमी असलेल्या टायरला हा धोका वाढतो. १९५/५५ आर १६ या आकड्यांत पंचावन्न म्हणजे टायरच्या अंगाची उंची, रुंदीच्या (इथे १९५ मिलिमीटर) टक्केवारीत. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात जेमतेम १०७ मिलिमीटर रबर. त्याच गाडीच्या खालच्या श्रेणीत १८५/६५ आर १५ असतील, तर तेच अंतर १२० मिलिमीटर होते आणि टायरचा एकूण व्यास जवळजवळ तेवढाच राहतो. दिसण्याच्या हौसेपायी मोठ्या रिम बसवणाऱ्यांनी आपल्या रोजच्या रस्त्याकडे पाहून निर्णय घ्यावा. उलट, ज्यांना दर पावसाळ्यात फुगा येतो, त्यांनी गाडीच्या माहितीपुस्तिकेत मान्य असलेला लहान रिमचा पर्याय विचारात घेतला तर तो शहाणपणाचा ठरेल. फक्त भारांक आणि वेगाचे अक्षर, म्हणजे टायर किती भार आणि वेग झेलतो ते सांगणाऱ्या त्याच्या अंगावरच्या खुणा, मूळ टायरपेक्षा कमी होऊ देऊ नये.

त्याच धक्क्याने रिमही वाकते. आतली कड वाकली तर बाहेरून काही दिसत नाही; बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक फिरताना ती डुलताना दिसते. लोखंडी रिमचा किरकोळ बाक काढता येतो. अलॉयला तडा गेला असेल, तर वेल्डिंग करून ती परत वापरू नये.

गाडी टायर खाते, ती का

झिजेचा नमुना वाचता आला, तर अर्धे निदान झाले. दोन्ही कडा झिजून मधला पट्टा शाबूत असेल, तर हवा कमी होती. मधला पट्टा झिजला असेल, तर जास्त होती. फक्त आतली किंवा बाहेरची कड गेली असेल, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बिघडले आहे. नक्षीवरून तळहात आडवा फिरवताना एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखे लागत असेल, तर चाकांच्या टो-इनमध्ये (चाकांची पुढची टोके आत वळलेली असण्याच्या कोनात) दोष आहे. ठिकठिकाणी खळगे पडले असतील आणि वेगात भुंग्यासारखा आवाज येत असेल, तर शॉकअब्सॉर्बर थकले आहेत किंवा टायरची अदलाबदल फार लांबली आहे.

इथे एक मुद्दा वारंवार निसटतो. अलाइनमेंट करूनही आतली कड झिजतच राहिली, तर पुन्हा अलाइनमेंट करून घेण्यात हशील नाही. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश फाटलेले असतील किंवा बॉल जॉइंटला खेळ आला असेल, तर यंत्रावर उभ्या गाडीत आकडे बरोबर दिसतात आणि रस्त्यावर ब्रेक लावताच चाक आपला कोन बदलते. म्हणून अलाइनमेंटच्या आधी गाडी लिफ्टवर घेऊन चाक हाताने वर-खाली आणि आडवे हलवून पाहायला सांगावे, आणि कामापूर्वीचे व नंतरचे आकडे असलेला छापील कागद मागून घ्यावा. बऱ्याच छोट्या गाड्यांत मागच्या चाकांचे कोन आणि पुढच्यांचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलण्याची सोयच नसते; तो आकडा त्या कागदावर लाल दिसत असेल, तर काहीतरी वाकले किंवा झिजले आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

ज्या गाड्या इमारतीच्या पोडियमवर (खालच्या मजल्यांवरच्या पार्किंगमध्ये) उभ्या राहतात, त्यांच्या पुढच्या टायरना आणखी एक त्रास असतो. जागेवर उभ्या गाडीचे स्टिअरिंग पूर्ण पिळून ती अरुंद जागेत घालताना काँक्रीटवर टायर जागच्या जागी घासले जातात. चाक थोडे फिरते ठेवून स्टिअरिंग वळवण्याची सवय लागली, तर पुढच्या टायरच्या कडा बऱ्याच वाचतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतातच, म्हणून साधारण ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे टायर सरळ मागे आणि मागचे टायर बाजू बदलून पुढे घ्यावेत. दिशा ठरलेल्या टायरची बाजू मात्र बदलू नये.

नक्षीच्या खोबणीत ठरावीक अंतरावर रबराचे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. आपल्याकडचा पाऊस पाहता मी जूनच्या आधीच, ३ मिलिमीटरच्या आसपास टायर बदलावा या मताचा आहे, कारण पाम बीच रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या थरावर वेगात जाणारी गाडी तरंगू लागते ती नक्षीला पाणी बाहेर फेकायला जागा उरत नाही म्हणून.

थरथर आणि ओढ

ताशी ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरत असेल, तर पुढच्या चाकांकडे, आणि आसन थरथरत असेल, तर मागच्या चाकांकडे आधी पाहावे. पावसाळ्यात रिमच्या आत वाळून बसलेला चिखलसुद्धा एवढी थरथर निर्माण करतो, म्हणून बॅलन्सिंगआधी चाके आतून धुऊन घ्यावीत. ब्रेक लावतानाच थरथर होत असेल, तर टायर सोडून ब्रेक डिस्ककडे वळावे.

गाडी किंचित डावीकडे सरकणे बहुधा दोष नसतो. पाणी वाहून जावे म्हणून रस्ते कडेकडे उतरते बांधलेले असतात. सपाट जागी तपासूनही ओढ राहिली, तर दाब सारखे करून पुढची दोन चाके आपापसांत बदलावीत, अर्थात टायर दिशेचे नसतील तर. ओढ दुसऱ्या बाजूला गेली किंवा नाहीशी झाली, तर दोष टायरच्या बांधणीत आहे आणि हा कंपनीकडे नेण्याजोगा खरा दावा आहे. ती तशीच राहिली, तर अलाइनमेंट किंवा अडकलेला ब्रेक तपासावा.

वय, वेग आणि उष्णता

फक्त शनिवार-रविवारी निघणाऱ्या गाड्यांत टायरची नक्षी भरपूर असते, पण रबर म्हातारे झालेले असते. टायरच्या अंगावर डीओटी अक्षरांनंतरच्या संकेताचे शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नवा टायर घेताना हे आकडे पाहावेत, आणि पाच-सहा वर्षे उलटल्यावर दरवर्षी टायर अंगावरच्या भेगांसाठी तपासून घ्यावेत. स्टेपनीलाही वय असते, हे विसरले जाते. ती इतर चाकांपेक्षा लहान असेल, तर बहुतेक गाड्यांत तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ठाणेकरांना भिवंडीजवळून थेट नागपूरचा ७०१ किलोमीटरचा रस्ता मिळाला आहे. शहरात ताशी तीस-चाळीसने फिरताना ज्या टायरने कधी तक्रार केली नाही, तोच कमी हवेवर, भरलेल्या गाडीखाली, मे महिन्याच्या दुपारी सलग ताशी १२० ने काँक्रीटवर धावला की फुटू शकतो. कमी हवेच्या टायरचे अंग प्रत्येक फेऱ्यात दबते आणि फुलते, त्या हालचालीची उष्णता होते आणि वेगात ती बाहेर पडण्याआधीच पुढची साठते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर होते आणि वेगात असताना त्यांची नक्षी थरासकट सुटत होती. ॲरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत अपघात अधिक झाले. फोर्डने या गाड्यांसाठी २६ पीएसआय दाब सुचवला होता. फायरस्टोनचे म्हणणे ३० हवा असे पडले. टायर कंपनीने गाडीकडे बोट दाखवले, गाडी कंपनीने टायरकडे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने अखेर टायरमध्ये दोष असल्याचा निष्कर्ष काढला आणि एक्सप्लोररची चौकशी उघडण्यास नकार दिला. याच प्रकरणातून २००० साली झालेल्या कायद्यामुळे तिथल्या गाड्यांत दाब दाखवणारा दिवा सक्तीचा झाला. आपल्याकडे २०२० च्या अधिसूचनेनुसार, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, दाबाचा दिवा आणि पंक्चर दुरुस्तीचे किट असेल, तर स्टेपनी देणे कंपनीवर बंधनकारक नाही. नवी गाडी घेताना डिकी उघडून पाहणे त्यामुळे गरजेचे झाले आहे.

दावा आणि तक्रार

नव्या गाडीचा टायर बिघडला की विक्रेता टायर कंपनीकडे जायला सांगतो, आणि मालकाला ही टोलवाटोलवी वाटते. प्रत्यक्षात गाडीच्या वॉरंटीतून टायर बहुधा वगळलेले असतात आणि त्यांची वॉरंटी टायरचा उत्पादकच देतो. ही वॉरंटी निर्मितीतल्या दोषापुरती असते, खड्ड्याने आलेला फुगा किंवा कापलेले अंग तिच्यात सहसा बसत नाही, आणि दावा मान्य झाला तरी उरलेल्या नक्षीच्या प्रमाणातच सवलत मिळते. काही उत्पादक अशा नुकसानीसाठी मर्यादित काळाचे वेगळे संरक्षण देतात. ते मिळवण्यासाठी खरेदीनंतर नोंदणी करावी लागते, म्हणून बिल घेतानाच चौकशी करावी.

दावा करताना टायरचा अनुक्रमांक, ओडोमीटर, दोषाची जागा यांची छायाचित्रे, खरेदीचे बिल आणि अलाइनमेंटचे कागद जवळ असावेत. तपासणी करणाऱ्याने दावा नाकारल्यास कारण लेखी मागावे. टायर दुकानात 'ठेवून जा' म्हटले, तर अनुक्रमांक लिहिलेली पावती घेतल्याशिवाय तो सोडू नये, कारण पुढे ग्राहक आयोगाला वस्तू प्रयोगशाळेत पाठवून तपासून घेता येते आणि तेव्हा टायरच हाती नसेल, तर तक्रारीचा आधारच जातो. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बरीच प्रकरणे तिथेच मार्गी लागतात. न लागल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाता येते. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार दाखल करता येते, म्हणजे पुण्यात घेतलेल्या गाडीसाठी ठाणेकराला पुण्याला जावे लागत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ती दाखल करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

अदलाबदलीच्या चाचणीत दोष चाकाबरोबर न जाता गाडीच्या कोपऱ्यातच राहिला आणि त्याच मॉडेलच्या इतर मालकांनाही तोच अनुभव येत असेल, तर मामला टायर कंपनीचा राहत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ नुसार सुरक्षेला बाधक दोष असलेली वाहने परत मागवण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू असून ते सात वर्षांच्या आतील वाहनांना लागू पडतात, आणि मालकांच्या नोंदवलेल्या तक्रारींची संख्या त्यात मोजली जाते. त्यामुळे सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर तोंडी तक्रार 'जनरल चेकअप' म्हणून उतरू देऊ नये. कोणते चाक, किती किलोमीटरला, कोणता दोष आणि कितव्यांदा, हे त्यावर लिहून घेऊनच सही करावी आणि त्याची प्रत आपल्याकडे ठेवावी.